निश्चित चांगला : गोपनीय अहवाल हा गद्यप्रकार

‘चांगला’ या शब्दाच्या किती पायऱ्या पाडता येतात हे बघायचं असेल तर शब्दकोश उघडून उपयोग नाही, महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल उघडावा. वर्षानुवर्षं चालत आलेली प्रतवारी अशी: अ+ म्हणजे अत्युत्कृष्ट, अ म्हणजे उत्कृष्ट, ब+ म्हणजे निश्चित चांगला, ब म्हणजे चांगला, ब- म्हणजे साधारण आणि क म्हणजे साधारणपेक्षा कमी. यातली वरून तिसरी पायरी मला पहिल्यापासून खटकत आली आहे. ‘निश्चित चांगला’ हे ‘पॉझिटिव्हली गुड’चं सरळ भाषांतर आहे आणि मराठीत ते फार अवघडून उभं राहिलंय. पण अवघडलेल्या भाषांतरातून कधी कधी मुळातला हेतू उघडा पडतो, तसं इथे झालं आहे. एक माणूस ‘निश्चित’ चांगला असेल, तर त्याच्या खालच्या पायरीवरचा नुसता ‘चांगला’ कसला चांगला? त्याच्या चांगलेपणाबद्दल लिहिणाऱ्याला खात्री नाही, असाच त्याचा अर्थ होतो. वाचणाऱ्याच्या मनात ही शंका यावी म्हणूनच बहुधा ती पायरी घडवली असावी.

नोकरीची बरीच वर्षं मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली. अहवाल मागवणं, न आलेल्यांना स्मरणपत्रं पाठवणं, आलेले नस्तीत लावणं, पदोन्नतीच्या बैठकीआधी पाच-पाच वर्षांच्या प्रतवारीचा तक्ता करणं हे काम. घरी कादंबऱ्या वाचायच्या आणि कचेरीत अहवाल, असं चालल्यामुळे दोन्हींकडे एकाच नजरेने बघायची खोड लागली. अहवालाला मी गद्यप्रकार म्हणतो ते थट्टेने नाही. त्याला ठरलेला घाट आहे, संकेत आहेत, खास शब्दकळा आहे, लेखक आहे, वाचक आहे. शिवाय त्याचा परिणाम पगारावर, बदलीवर, बढतीवर आणि अखेरीस निवृत्तिवेतनावर होतो. मराठीतल्या कोणाही समीक्षकाच्या लेखनामुळे कोणाचं निवृत्तिवेतन कमी-जास्त झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इतकी सत्ता असलेल्या गद्याकडे आपण गद्य म्हणून बघितलेलं नाही, याचं मला नवल वाटतं.

साहेब आणि कारकून या जोडीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. चाकरमान्याच्या विनोदाची तर परंपराच आहे. ‘असा मी असामी’तला धोंडो भिकाजी जोशी तिचा मुकुटमणी. पण या सगळ्या लेखनात साहेब म्हणजे एक आवाज, एक चेहरा, एक लहर. तो केबिनमधून बाहेर येतो, ओरडतो किंवा अचानक पाठ थोपटतो. ‘मर्जी’ हा शब्द त्याच्याभोवती फिरतो: मर्जी राखणं, मर्जीतला माणूस, खप्पामर्जी. हे सगळं खरंच आहे. पण मर्जी संध्याकाळी घरी जाते आणि कागद कचेरीत राहतो. साहेबाची बदली होते, तो निवृत्त होतो, एखादा वारतोही. त्याने सहा वर्षांपूर्वी लिहिलेला शब्द मात्र पदोन्नती समितीच्या टेबलावर तसाच येऊन पडतो. मर्जीचं कागदात रूपांतर कसं होतं, ती प्रक्रिया आपल्या कथा-कादंबऱ्यांत मला फारशी सापडली नाही.

नमुन्याचा घाट बघा. पहिला भाग कर्मचारी स्वतः भरतो: वर्षभरात काय काम केलं, काय उद्दिष्ट होतं, किती साधलं, नाही साधलं तर का. दुसरा भाग प्रतिवेदन अधिकारी लिहितो. तिसऱ्यात पुनर्विलोकन अधिकारी येतो, जो मुख्यतः दुसऱ्याने लिहिलेल्यावर लिहितो. शासनव्यवहाराच्या मराठीने या मधल्या माणसाला, ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याला, ‘प्रतिवेदित’ असं नाव दिलं आहे. म्हणजे कर्मणी प्रयोगच चालताबोलता होऊन कार्यालयात येतो आणि हजेरीपटावर सही करतो. पहिल्या भागात तो ‘मी’ असतो आणि दुसऱ्या भागात ‘ते’ होतो. एकाच वर्षाची एकाच माणसाची गोष्ट, आधी प्रथमपुरुषी आणि मग तृतीयपुरुषी.

इथे गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ची आठवण होते. १८४२ सालची ही कथा सगळे कोटासाठी लक्षात ठेवतात. मला तिच्यातला आधीचा एक लहानसा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. अकाकी अकाकीविच हा आयुष्यभर कागदांच्या नकला उतरवणारा कारकून. एका दयाळू वरिष्ठाला वाटतं, या माणसाच्या दीर्घ सेवेचं काहीतरी चीज करावं, नकलेपेक्षा वरचं काम द्यावं. काम असतं असं: तयार असलेल्या प्रकरणावरून दुसऱ्या कार्यालयासाठी कागद बनवायचा, मथळा बदलायचा आणि काही क्रियापदं प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची. अकाकीला एवढ्यानेच दरदरून घाम फुटतो. कपाळ पुसत तो म्हणतो, त्यापेक्षा मला काहीतरी उतरवून काढायलाच द्या. तेव्हापासून त्याला कायमचं नकलेवर ठेवतात.

नोकरीतल्या वाढीबद्दल इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वरिष्ठ चांगला आहे, हेतू चांगला आहे, संधीही दिली आहे. एका बैठकीत माणसाची परीक्षा झाली, निकाल लागला आणि पुढचं सगळं आयुष्य ठरलं. त्याला काय अडलं हे कोणी विचारलं नाही. व्याकरणाच्या ज्या पायरीवर तो अडखळला ती, म्हणजे ‘मी’चा ‘तो’ करणं, हीच तर कार्यालयीन सत्तेची मूळ क्रिया आहे. ती ज्याला जमते तो वर जातो.

आपल्याकडे ती क्रिया आणखी एका वळणाने जाते. कोणत्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य नवं नाही. एप्रिल उजाडला की साहेबांच्या टेबलावर अहवालांचा गठ्ठा पडतो, साहेबांना वेळ नसतो, आणि विश्वासातल्या माणसाला स्वतःचाच अहवाल स्वतःच लिहून आणायला सांगितलं जातं. बाकीच्यांचे मसुदे आस्थापनेतला ज्याचं मराठी बरं आहे असा कोणीतरी करतो. आमच्या शाखेत तो पुष्कळदा मी असे. त्यामुळे हे लेखन आतून कसं होतं ते मी पाहिलंय. ज्याला स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहायची मुभा मिळाली, तो त्या क्षणी मर्जीतला ठरला. मग तो काय लिहितो ते तसं दुय्यम. गंमत अशी की अशी मुभा मिळालेली माणसंही स्वतःला ‘अत्युत्कृष्ट’ लिहायला कचरत. ‘उत्कृष्ट’वर थांबत आणि वर ‘साहेब, बघून घ्या’ असं म्हणत. एक पायरी साहेबांसाठी मोकळी ठेवायची, हा संकेत कोणी शिकवलेला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता.

अहवालातल्या अभिप्रायाला बोलीत ‘शेरा’ म्हणतात. शेरा देतात असंही म्हणतात, पण तोंडी जास्त बसलेलं क्रियापद म्हणजे मारणे. शेरा मारतात. प्रतिकूल शेरा पडला की पडतो. कर्मचाऱ्याला कळवायचा तो हा प्रतिकूल शेरा. पूर्वी नियम एवढाच होता: वाईट लिहिलं असेल तर कळवा, बाकी गुप्त. न कळवलेला प्रतिकूल शेरा एखाद्याच्या बढतीविरुद्ध वापरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच गुरदियाल सिंग फिजी यांच्या प्रकरणात सांगितलं होतं. प्रश्न होता तो प्रतिकूल म्हणजे काय, याचा. शब्द वाईट असला पाहिजे, की शब्दाचा परिणाम?

या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत चांगलं समीक्षात्मक उत्तर कोणा समीक्षकाने दिलेलं नाही. ते १२ मे २००८ च्या एका निकालपत्रात आहे, देव दत्त विरुद्ध भारत सरकार. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता, १९८८ सालापासून त्या पदावर. पाच वर्षांनी, १९९३ साली, ते अधीक्षक अभियंता होण्यास पात्र झाले. त्या बढतीसाठी अट अशी होती की मागच्या पाच वर्षांत ‘व्हेरी गुड’ असायला हवं. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘गुड’ होतं. डिसेंबर १९९४ मध्ये समिती बसली, त्यांचं नाव गेलं, त्यांच्यापेक्षा कनिष्ठ असलेले पुढे गेले. ते ‘गुड’ त्यांना कोणी कळवलं नव्हतं. का कळवतील? नियमाने प्रतिकूल तेवढंच कळवायचं, आणि ‘चांगला’ हा शब्द प्रतिकूल कसा असेल? गुवाहाटी उच्च न्यायालयात एकदा एका न्यायमूर्तींपुढे आणि एकदा खंडपीठापुढे असे दोनदा हरून ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा म्हणजे एका विशेषणाचं वाचन आहे. ‘गुड’ या शब्दाला स्वतःचा असा अर्थ नाही, तो कोणत्या शिडीवर कितव्या पायरीवर उभा आहे यावरून त्याचा अर्थ ठरतो. जिथे उंबरठा ‘व्हेरी गुड’चा आहे तिथे ‘गुड’ माणसाला बाहेर ठेवतो. जो शब्द माणसाला बाहेर ठेवतो तो प्रतिकूल, मग तो कानाला कितीही गोड लागो. म्हणून अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली-वाईट कशीही, संबंधित माणसाला कळवलीच पाहिजे आणि तिच्याविरुद्ध दाद मागायची संधी त्याला मिळालीच पाहिजे. (लष्करी सेवा यातून वगळल्या होत्या.) याची पूर्वतयारी १९९६ च्या उत्तर प्रदेश जल निगमच्या प्रकरणात झाली होती, एका वर्षी ‘आउटस्टँडिंग’ आणि पुढच्या वर्षी एकदम खाली उतरलेली प्रतवारी, ही उतरण स्वतःच प्रतिकूल असू शकते, असं तिथे म्हटलं होतं. देव दत्त प्रकरणाने तो विचार शेवटपर्यंत नेला. २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

साहित्याच्या वर्गात शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो हे आम्ही शिकलो ते परीक्षेपुरतं. इथे त्या तत्त्वावर एका माणसाची बढती लटकलेली होती. न्यायालयाने हुकूम दिला तो असा: ती नोंद त्यांना दोन महिन्यांत कळवा; त्यांना निवेदन करू द्या; नोंद सुधारली गेली तर बढतीचा पूर्वलक्षी विचार करा आणि बढती मिळाल्यास फरकाची रक्कम आठ टक्के व्याजाने द्या. तोवर देव दत्त निवृत्त झालेले होते. म्हणजे १९९३-९४ सालचा एक शब्द २००८ साली निवृत्त माणसाला त्याच्या घरच्या पत्त्यावर कळवायचा होता. चौदा वर्षं पोस्टात अडकलेल्या पत्रासारखं.

निकालानंतर वर्षभराने, १४ मे २००९ रोजी, केंद्राच्या कार्मिक विभागाने परिपत्रक काढलं. २००८-०९ च्या अहवालापासून पूर्ण अहवाल, एकूण गुण आणि सचोटीच्या शेऱ्यासह, कर्मचाऱ्याला दाखवायचा. पंधरा दिवसांत त्याला हरकत घेता येईल. नावही बदललं. ‘कॉन्फिडेन्शियल’ गेलं, ‘परफॉर्मन्स अ‍ॅसेसमेंट’ आलं; आपल्याकडे ‘कार्यमूल्यमापन अहवाल’. बोलण्यात मात्र आजही ‘सीआर’च आहे, ‘सीआर लिहिला का?’ असंच विचारतात.

या बदलाचं मी मनापासून स्वागत करतो. पण लेखनप्रकार म्हणून अहवालाचं त्यानंतर काय झालं हे बघण्यासारखं आहे. लेखकाचा वाचक बदलला की लेखन बदलतं. पूर्वीचा अहवाल दोघांमधली कुजबुज होती: लिहिणाऱ्याने वरच्याच्या कानात तिसऱ्याबद्दल सांगितलेलं. त्या कुजबुजीत द्वेष होता, जात होती, सूड होता. पण कधी कधी एखाद्या अबोल माणसाबद्दल एखाद्या सहृदय वरिष्ठाने मन लावून लिहिलेला परिच्छेदही असे. आता ज्याच्याबद्दल लिहायचं तोच वाचणार, हरकत घेणार, उद्या त्याच्याच शेजारी बसून काम करायचं. तेव्हा गद्य गुळगुळीत झालं. ‘कामसू, आज्ञाधारक, मनमिळाऊ.’ ‘सोपवलेली कामे वेळेत पूर्ण करतात.’ ‘वरिष्ठांशी व सहकाऱ्यांशी वागणूक सौजन्याची.’ शंभर अहवालांत हीच तीन वाक्यं. प्रतवारी वर सरकली, सगळे ‘उत्कृष्ट’ झाले आणि खरं मत फोनवर गेलं. ‘त्यांचा अहवाल ठीक आहे हो, पण माणूस कसा आहे?’ हा प्रश्न फोनवर विचारला जातो, आणि त्याचं उत्तर कोणालाही कळवावं लागत नाही.

रॉबर्ट ओवेनने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, प्रत्येक कामगाराशेजारी लाकडाचा एक छोटा ठोकळा टांगला होता. चार बाजूंना चार रंग: काळा वाईट, निळा बेतास बात, पिवळा चांगला, पांढरा उत्तम. काल जसं काम केलं तो रंग आज समोर. ‘मूक निरीक्षक’ असं त्याचं नाव. ओवेनच्या परोपकाराबद्दल मला थोडी शंकाच आहे; गिरणीतून फेरी मारताना नुसत्या रंगांकडे बघत जाणारा मालक डोळ्यांसमोर आणला की अंगावर काटा येतो. पण त्या ठोकळ्यात दोन गोष्टी होत्या ज्या आपल्या गोपनीय अहवालात २००८ पर्यंत नव्हत्या. ज्याचा रंग त्याला तो दिसत होता, आणि देखरेख करणाऱ्याने चुकीचा रंग लावला असं वाटलं तर कामगाराला थेट ओवेनकडे तक्रार करता येत होती.

केंद्रीय सेवांच्या नमुन्यात एक रकाना मला साहित्याच्या दृष्टीने सर्वांत मोहक वाटतो. त्याला ‘पेन पिक्चर’ म्हणतात. प्रतिवेदन अधिकाऱ्याने साधारण शंभर शब्दांत माणसाचं चित्र रेखाटायचं: बलस्थानं, उणिवा, विशेष कामगिरी, ठळक अपयश, दुर्बल घटकांविषयीची वृत्ती. याला मराठीत शब्दचित्र म्हणा की व्यक्तिचित्र, हा तर आपल्या वाङ्मयाचा लाडका प्रकार. ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची, ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ ची. शाळेत असताना आपण सगळ्यांनी ती वाचलेली असतात, अधिकारी झालेल्यांनीही. मग हा रकाना इतका निर्जीव का असतो? शंभर शब्दांची मर्यादा हे कारण नव्हे. माडगूळकरांना शंभर शब्दांत एक अख्खा माणूस उभा करता आला असता. मला वाटतं, व्यक्तिचित्राचा लेखक स्वतः चित्रात असतो. त्या माणसाशी आपला काय संबंध होता, कुठे भेटला, आपण त्याचं काय देणं लागतो, हे तो सांगतो. त्या नात्यातूनच माणूस दिसतो. अहवालाच्या रकान्यात नेमकं तेच वर्ज्य आहे. लिहिणाऱ्याने स्वतःला पुसून टाकायचं आणि जणू आकाशातून कोणी बघतंय असं लिहायचं. मात्र हाताखाली तीन महिने काम केलेलं असलं की लिहायला तो पात्र, बाकीचं वर्ष दुसरीकडे गेलं असलं तरी.

याउलट सचोटीचा रकाना. तिथे संशय नसेल तर ‘सचोटी संशयातीत’ लिहायचं. संशय असेल तर नियम असा की रकाना कोरा सोडायचा आणि वेगळी गुप्त टिप्पणी करायची. मराठी नवकवितेत कोऱ्या जागेवर जेवढी चर्चा झाली असेल त्यापेक्षा जास्त भीती या एका कोऱ्या जागेने निर्माण केली आहे. सगळा नमुना भरून यावा आणि तेवढीच चौकट मोकळी असावी! वाचणाऱ्या समितीला बाकी काही वाचायची गरज उरत नाही.

शब्दांचं हे असं होतं म्हणून आकडे आणावेत, हे ओघाने आलंच. अखिल भारतीय सेवांच्या २००७ च्या नियमांनी एक ते दहा अशी मोजपट्टी आणली. आठच्या वर असाधारण, सहा ते आठ उत्तम, चार ते सहा चांगला. चारच्या खाली मात्र हिशेबात थेट शून्य धरायचं. म्हणजे ३.९ मिळवलेला आणि १ मिळवलेला सारखेच. आकड्यांनाही शेवटी एक कडा असते आणि माणूस तिच्यावरून पडतो. फक्त आता त्याला पाडणारा शब्द कोणता, हे दाखवता येत नाही.

खासगी क्षेत्रात हेच नाटक वेगळ्या वेषात चालतं. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये वीस-सत्तर-दहा अशी विभागणी रूढ केली: वरचे वीस टक्के गौरवाचे, मधले सत्तर कामाचे, खालचे दहा जायचे. तिथून ही घंटाकृती वक्ररेषा जगभर पसरली आणि आपल्या पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांत ‘बेल कर्व्ह’ म्हणून घरगुती शब्द झाली. माझी भाची हिंजवडीत नोकरीला आहे. तिच्या एका वर्षीच्या अप्रेझलनंतर ती मला म्हणाली, “मामा, मॅनेजर म्हणाला, मी तुझ्यासाठी खूप भांडलो गं, पण कर्व्हमध्ये बसवावं लागलं.” मी तिला विचारलं, मग तुझ्या कामाबद्दल काय म्हणाला? ती म्हणाली, “मीट्स एक्स्पेक्टेशन्स.” अपेक्षा पूर्ण करते. मला ‘ब, चांगला’ ऐकू आलं. देव दत्त यांचा ‘गुड’ आणि भाचीचं ‘अपेक्षा पूर्ण’ ही सख्खी भावंडं आहेत. फरक एवढाच की सरकारी साहेब निदान आपल्या सहीने लिहितो. इथे लिहिणारा हात वर करून सांगतो की हे मी लिहिलंच नाही, वक्ररेषेने लिहिलं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडली, नंतर इतरांनीही सोडली. त्यामुळे कर्व्ह संपला असं मात्र भाचीच्या बोलण्यावरून वाटत नाही.

या सगळ्यावर झालेल्या संशोधनातलं एक मला विसरता येत नाही. २००० साली स्कलेन, माउंट आणि गॉफ या तिघांनी ४,४९२ व्यवस्थापकांना मिळालेल्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाला दोन वरिष्ठांनी, दोन बरोबरीच्यांनी, दोन कनिष्ठांनी गुण दिलेले. गुणांमधल्या फरकाचा ६२ टक्के भाग गुण देणाऱ्याच्या स्वभावातून, त्याच्या वैयक्तिक तऱ्हांतून आलेला निघाला. ज्याला गुण दिले त्याच्या प्रत्यक्ष कामातून आलेला भाग २१ टक्के. डेलॉइटने २०१५ मध्ये आपली पद्धत बदलताना याच अभ्यासाचा आधार दिला होता. त्यांनी हिशेब केला तेव्हा मूल्यमापनाच्या कामात त्यांच्याकडे वर्षाला जवळजवळ वीस लाख तास जात होते.

समीक्षेच्या विद्यार्थ्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. कोणत्याही परीक्षणात पुस्तकाइतकाच परीक्षक असतो, हे आपण गृहीतच धरतो. हर्मन मेलव्हिलने ते १८५३ मध्ये ‘बार्टलबी’त दाखवून ठेवलं आहे. त्या कथेकडे नकार देणाऱ्या कारकुनाची गोष्ट म्हणून बघतात. मला ती नेहमी जगातला सर्वांत लांब गोपनीय अहवाल वाटत आली आहे. कथा सांगतो तो वॉल स्ट्रीटवरचा वकील, म्हणजे साहेब. सुरुवात तो आपल्या इतर कारकुनांच्या मूल्यमापनाने करतो: टर्की दुपारी बारापर्यंत उत्तम आणि नंतर बेभरवशाचा, निपर्स सकाळी चिडका आणि दुपारनंतर बरा, दोघे मिळून एक चांगला माणूस होतो. हे दोन्ही अहवाल नमुन्यात बसतात. मग बार्टलबी येतो, आधी झपाटून काम करतो आणि एके दिवशी अगदी सौम्यपणे काम नाकारू लागतो. साहेबाकडे याच्यासाठी रकाना नाही. तो चिडतो, समजावतो, पैसे देऊ करतो, दया करतो, शेवटी कारकुनाला हलवता येत नाही म्हणून स्वतःचं कार्यालयच हलवतो. कथा संपते तेव्हा बार्टलबीबद्दल आपल्याला जवळपास काहीच कळलेलं नसतं. साहेबाबद्दल मात्र सगळं कळलेलं असतं: त्याची भिडस्त सज्जनता, त्याची सोय बघण्याची वृत्ती, त्याचा कळवळा नेमका कुठे थांबतो ते. ज्याच्याबद्दल अहवाल आहे तो कोरा, आणि लिहिणाऱ्याचं पूर्णाकृती चित्र.

चेखॉव्हचा चेर्व्याकोव्ह याच्या दुसऱ्या टोकाला. १८८३ च्या त्या छोट्या कथेत नाटकगृहात शिंक आल्याने पुढे बसलेल्या बड्या अधिकाऱ्यावर तुषार उडतात, आणि हा कारकून पुन्हा पुन्हा माफी मागत जातो, शेवटी घरी येऊन गणवेषासकट कोचावर पडतो आणि मरतो. कथेतला एक तपशील पटकन निसटतो: तो अधिकारी त्याचा वरिष्ठ नसतोच, दुसऱ्याच खात्याचा असतो. त्याने याच्याबद्दल कधी एक ओळही लिहिली नसती. अहवाल लिहू न शकणाऱ्याचीही धास्ती बसावी इतकी ती अंगात मुरलेली.

‘बार्टलबी’ असा वाचल्यावर मी आमच्या कपाटाकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. कार्यालयात अहवाल लावले जातात ते ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या नावाने. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक नस्ती, तीत दरवर्षीचा कागद, दरवर्षी बहुधा वेगळा लेखक. साहित्यात आपण याच्या उलट करतो, लेखकाने पुस्तकं लावतो. लेखकाचं सगळं लेखन एकत्र वाचल्याशिवाय त्याच्या ‘चांगला’चा अर्थ काय, हे कळणं अशक्य आहे, कोणाचा ‘चांगला’ म्हणजे मोठी शाबासकी असते आणि कोणाचा म्हणजे रजा मागितल्याचा राग. पदोन्नती समितीपुढे मात्र पाच लेखकांचे पाच शब्द एका ओळीत, एकाच मापाचे समजून ठेवले जातात. तक्ता मीच करत असे, त्यामुळे त्या रकान्यांची रुंदी मला माहीत आहे. एक अक्षर मावेल एवढी.

एका मार्चअखेर, नस्त्या तपासणीसाठी बाहेर काढलेल्या असताना, मी बदलून गेलेल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांत लिहिलेले सगळे अहवाल शोधून एकापुढे एक ठेवले. चौदा माणसं होती. पुरुषांसाठी ‘धडाडीचे’, ‘पुढाकार घेणारे’ हे शब्द सात ठिकाणी आले होते. बायकांसाठी एकदाही नाही. त्या पाचही जणी ‘नियमित’ आणि ‘शांत’ होत्या. त्यातली एक कार्यालयातलं सर्वांत किचकट भूसंपादनाचं टेबल एकटीने सांभाळत होती आणि शांत तर ती अजिबात नव्हती. उरलेले दोघे पुरुष, ज्यांना ‘धडाडीचे’ मिळालं नव्हतं, ते मागासवर्गीय प्रवर्गातून आलेले होते. त्यांच्या अहवालात ‘मार्गदर्शनाखाली काम चांगले करतात’ असं वाक्य होतं, दोन्हीकडे शब्दशः सारखं. प्रतिकूल असं त्यात काहीही नव्हतं. प्रतवारी सातांची ‘अ’ आणि उरलेल्या सातांची ‘ब+’, निश्चित चांगला. त्या वेळच्या नियमाने त्यातलं कोणालाही काही कळवायचं नव्हतं.

पाच वाजता शिपाई कपाटाला कुलूप लावायला आला. मी कागद ज्याच्या त्याच्या नस्तीत परत घातले आणि नस्त्या आडनावांच्या क्रमाने लावून दिल्या.